कुर्लेकरांसाठी हिरेजडित घड्याळ-संग्रह: प्राथमिक मार्गदर्शन

लिलावात हिरेजडित मनगटी घड्याळं घेऊन ती जमवण्याचा छंद लावून घ्यायचा असेल, तर पात्रतेची पहिली अट अशी की उमेदवाराला वेळ बघायची गरज नसावी. ज्याला सकाळची हार्बर पकडायची आहे त्याने इंडिकेटरवर भागवावं. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून सुटली, ती कुर्ल्यालाच आली. तेव्हापासून इथला माणूस मिनिटांच्या हिशेबात जगतो, आणि अशा माणसाला संग्राहक होणं जरा जड जातं. दुसरी अट पैशाची. ती आमच्या मते गौण आहे. पैसा नक्की कुणाचा, हे या क्षेत्रात बरेचदा शेवटी कळतं, तेही न्यायालयात.

कुर्लेकराला जागेचा लाभ जन्मजात आहे. पश्चिमेला उतरून 310 नंबरची बस धरायची, की बांद्रा-कुर्ला संकुल. नावात कुर्ला आहे; भाव बघितले की नसल्यासारखा वाटतो. तिथेच 2010 पासून भारत डायमंड बोर्स उभा आहे. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. तिथून माल कागदी पुडीतून बीकेसीत येतो, पुढे परदेशी रवाना होतो, आणि त्यातला एखादा जिनिव्हात घड्याळावर जाऊन बसतो. परत येताना तो स्विस झालेला असतो आणि त्याच्यावर आयातशुल्क लागतं. याबद्दल हिऱ्याची तक्रार नाही, तर तुम्हीही करू नये.

प्रत्यक्ष अभ्यासाला मात्र बीकेसीत जाऊ नये. रखवालदार पास विचारतो. सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात उभं राहावं. ओरिजिनल कुठलं, डुप्लिकेट कुठलं, आणि 'कंपनीचंच आहे, फक्त रंग नवीन' म्हणजे नेमकं काय, हे तिथला माणूस वस्तू हातात घेताच सांगतो. घड्याळाच्या संग्रहातलं निम्मं ज्ञान एवढंच आहे. जुन्या घड्याळांचे परदेशी शौकीन एका जातीच्या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात: डायल नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, मशीन तिसऱ्याचं, पट्टा कोरा. एका घड्याळाच्या नावाखाली तीन घड्याळांचा संयुक्त संसार. आपल्या शहराचं नाव जागतिक पातळीवर गाजतं आहे याचा अभिमान बाळगावा, पण बोली लावू नये.

आता हिरे. कंपनीने कारखान्यातच बसवलेले हिरे वेगळे, आणि नंतर कुणीतरी सराफाकडून बसवून घेतलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात चांगल्या चालत्या घड्याळाला भोकं पाडून त्याची किंमत कमी केली जाते आणि त्यासाठी वर पैसेही मोजले जातात. अशी घड्याळं बड्या कंपन्या सहसा दुरुस्तीला घेत नाहीत. ओळखायचं कसं? भिंग घ्यावं. खडे एका मापाचे नसतील, बसणी ओबडधोबड असेल, किंवा केसवरचा मॉडेल नंबर बिनहिऱ्याच्या घड्याळाचा निघाला, तर नमस्कार करून निघावं. ते पेनासारखं टेस्टर यंत्र खिशात असेल तर असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. ते खड्यातून उष्णता किती लवकर वाहते एवढंच बघतं. अमेरिकन डायमंड त्यात नापास होतो. मॉयसनाइट बहुतेकदा पास होतो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर होतोच होतो, कारण तो हिराच असतो.

हिरे मोजण्याची सवय मात्र सोडावी. जेकब अँड कंपनीने 2015 मध्ये 'बिलियनेअर' नावाचं घड्याळ काढलं. त्यावर 260 कॅरेटचे हिरे, त्यामुळे वेळ शोधावी लागते. उलट व्हिएतनामचा शेवटचा बादशहा बाओ दाई याने 1954 मध्ये जिनिव्हात घेतलेल्या रोलेक्सच्या काळ्या डायलवर मोजकेच हिरे आहेत, आणि 2017 मध्ये ते फिलिप्सच्या लिलावात 50 लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. 2019 च्या नोव्हेंबरात तर जिनिव्हातच धर्मादाय लिलावात पाटेक फिलिपचं एक घड्याळ 3 कोटी 10 लाख फ्रँकला विकलं गेलं. त्याची केस साध्या स्टीलची! या क्षणी नवशिक्या संग्राहकाचा जीव खचतो. खचू नये. हिऱ्याला बाजारभाव असतो. 'हे कुणाच्या मनगटावर होतं' याला तो नसतो, म्हणून तिथे बोली कुठवरही जाते.

म्हणजे अखेर सगळा खेळ कागदांचा. मूळ पेटी, हमीपत्र, पावती, कंपनीच्या दप्तरातला उतारा. इथे कुर्लेकराचा हात कुणी धरणार नाही. ज्याने झोपडपट्टी पुनर्वसनासाठी 1 जानेवारी 2000 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा गोळा केला आहे, वीजबिलं आणि मतदारयाद्या प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या आहेत, त्याला जिनिव्हातला कुठला तज्ज्ञ घड्याळाची वंशावळ काय शिकवणार? तिकडे कागद असले की घड्याळाची किंमत वाढते, इकडे कागद असले की माणसाची. पद्धत तीच.

वंशावळीचा अस्सल मुंबईकर नमुना हवा असेल तर 5 मार्च 2020 चा लिलाव अभ्यासावा. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात नीरव मोदीकडून जप्त झालेल्या वस्तू अंमलबजावणी संचालनालयाच्या वतीने सॅफ्रनआर्टने मुंबईत विकायला काढल्या. अमृता शेरगिलचं चित्र होतं, हुसेन होते, रोल्स रॉइस होती, बायकांच्या पर्सा होत्या. आणि घड्याळंही: पाटेक फिलिपचं सोनं-हिऱ्यांचं 'नॉटिलस' आणि येगर-लकूल्त्रचं 'रिव्हर्सो'. तीनच महिन्यांपूर्वी, डिसेंबर 2019 मध्ये, विशेष न्यायालयाने मालकाला फरार आर्थिक गुन्हेगार घोषित केलं होतं. बाओ दाईला देश सोडून फ्रान्समध्ये राहावं लागलं, यांना लंडन. पूर्वमालक देशाबाहेर असणं वंशावळीला नेहमीच पोषक ठरलेलं आहे. शेरगिलचं चित्र 15 कोटी 68 लाखांना गेलं, आणि वीसच दिवसांनी टाळेबंदी लागली. घड्याळं ज्यांनी घेतली त्यांना मनगट दाखवायला घरातली माणसं सोडून कुणी उरलं नाही.

त्या 'रिव्हर्सो'बद्दल थोडं जास्त सांगायला हवं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. म्हणून 1931 मध्ये डायल आत फिरवून पाठ बाहेर करता येईल असं हे घड्याळ निघालं. आणि आता योगायोग बघा. 22 एप्रिल 2025 पासून 10 लाखांच्या वरच्या चैनीच्या वस्तूंवर विक्रेत्याने 1 टक्का कर आगाऊ गोळा करायचा आहे. त्या यादीत मनगटी घड्याळ आहे, आणि पोलोचा घोडाही आहे. सरकारी यादीत आणि इतिहासात एवढा मेळ क्वचितच बसतो. घड्याळाबरोबर घोडाही घेणार असाल तर दोन्ही पावत्या नीट ठेवा.

रोकड नेऊ नका. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. परदेशातून मनगटावर बांधून आणण्याचा विचारही सोडा. विमानं आपल्या कुर्ल्याच्या डोक्यावरून उतरतात म्हणून सीमाशुल्कवाले ओळखीचे असतात असं नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये दुबईहून आलेल्या एका नामवंत क्रिकेटपटूचं दीड कोटींचं घड्याळ विमानतळावर अडलं होतं, आणि त्याला तर सगळा देश ओळखतो.

प्रत्यक्ष लिलावात हात जपून हलवावा. हातोडा पडला म्हणजे किंमत ठरली असं समजू नये. त्यावर लिलावगृहाचं शुल्क, त्या शुल्कावर जीएसटी, विमा, पाठवणी. भाजी घेताना मागून कोथिंबीर फुकट मिळते, तसं इथे काही मिळत नाही. आपला आकडा घरून ठरवून निघावं आणि तो जोडीदाराला आधी सांगावा. नंतर सांगितला तर दुसरा लिलाव घरात होतो.

शेवटी कॅटलॉगच्या मागच्या पानांवरच्या बारीक अक्षरातल्या अटी वाचाव्यात. बहुतेक नावाजलेली लिलावगृहं तिथे लिहितात, की माल आहे त्या स्थितीत विकला जात आहे आणि घड्याळ चालू असल्याची हमी नाही. सीएसटी रोडवरचा दुकानदार निदान एकदा किल्ली फिरवून दाखवतो. बोली लावण्याआधी तेवढं विचारून घ्या.