टीव्हीच्या मागची बाजू

कुणाकडे नवा टीव्ही आला की बाकीचे पाहुणे त्याच्या समोर बसतात. मी भिंत आणि टीव्ही यांच्यामधल्या फटीत डोकं घालतो. बायकोला हे अजिबात आवडत नाही. "अहो, निदान चहा येईपर्यंत तरी बसा," असं ती हसऱ्या चेहऱ्याने आणि आवळलेल्या दातांनी म्हणते. पण माझा नाइलाज असतो. टीव्ही कितीला पडला, किती इंची आहे, एक्स्चेंजमध्ये जुन्याचे किती आले, हे सगळं यजमान आपणहून सांगतात. मागे वायर कुठली लावलीय हे कुणी सांगत नाही, आणि खरी भानगड तिथंच असते.

आमच्या साडूंचं उदाहरण घ्या. त्यांनी दिवाळीत 55 इंची फोरके टीव्ही घेतला. त्याआधी दोन महिने ते पॅनेलचे प्रकार, वॉरंटी आणि बँकांच्या ऑफर यांचा अभ्यास करत होते. थोरलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी केली नव्हती, असं मेव्हणी म्हणते. टीव्हीला शोभावा म्हणून त्यांनी डीटीएचचा डबाही एचडी घेतला, महिन्याला जादा पैसे मोजून एचडी चॅनेलं घेतली आणि आम्हाला मॅच बघायला बोलावलं.

मी फटीत डोकं घातलं. डब्यातून निघून टीव्हीत शिरत होती ती लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिनांची जुनी वायर!

ज्यांना यातली गंमत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या वायरीत लाल आणि पांढरी पिन आवाजाच्या. चित्र सगळंच्या सगळं एकट्या पिवळीवर. रंग आणि उजेड एकत्र कालवून त्या एका तारेतून ढकलायचा आणि पलीकडे टीव्हीने तो काला निवडत बसायचा. 1982 च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं, त्या जमान्यातल्या 625 रेषांच्या चित्राला हे पुरत होतं. त्यातल्याही पडद्यावर दिसणाऱ्या रेषा 576. एचडीच्या 1080 रेषा पिवळ्या पिनेतून जातच नाहीत, मग तुम्ही पॅकचे कितीही पैसे भरा. साडूंचा टीव्ही 576 रेषा ताणून ताणून 2160 रेषांच्या पडद्यावर पसरवत होता. बॅट्समनला मिशी आहे की नाही हे कळत नव्हतं आणि चेंडू बोलरच्या हातून सुटला की थेट समालोचनातच सापडत होता.

"काय क्लिअर दिसतंय ना!" साडू म्हणाले.

एचडीएमआयची वायर कुठाय म्हणून विचारलं, तर ती खोक्यात होती, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. डबा बसवायला आलेल्या मुलाने जुन्या डब्याची वायर तशीच लोंबकळत होती ती खुपसली आणि तो पुढच्या घरी गेला. त्यात त्याचं काय चुकलं? चित्र आलं होतं, आवाज आला होता, सही झाली होती.

मी वायर बदलली. मग डब्याच्या मेनूत जाऊन चित्राची सेटिंग 576 वरून 1080 वर नेली. (हे पुष्कळ लोक विसरतात. वायर नवी येते, पण डबा इमानदारीने जुनंच चित्र पाठवत राहतो.) पडदा एकदम लख्ख झाला. मॅच संपल्यावर साडूंच्या आईंनी त्यांची मालिका लावली, पाच मिनिटं टक लावून बघितली आणि म्हणाल्या, "या बाईचं वय कळायला लागलं की रे! मेकअपची पुटं दिसतायत. आधीचंच बरं होतं."

तांत्रिक प्रगतीला घरातून मिळालेली ही पहिली पावती.

साडूंवर मात्र या प्रसंगाचा उलटा परिणाम झाला. एवढ्याशा वायरीने एवढा फरक पडतो, तर मग महागातल्या वायरीने किती पडेल, असा हिशेब त्यांनी मांडला आणि मला घेऊन एका चकचकीत दुकानात गेले. तिथला टाय लावलेला मुलगा टीव्हीच्या बाबतीत सौजन्याने बोलत होता, केबलच्या बाबतीत मात्र काळजीने बोलू लागला. "सर, एवढा टीव्ही घेतलाय, त्याला तीनशेची केबल लावणार?" हे वाक्य तो ज्या सुरात म्हणाला, त्या सुरात आजवर फक्त हॉस्पिटलातले लोक माझ्याशी बोलले आहेत. मग त्याने काचेच्या कपाटातून एक मखमली अस्तराची डबी काढली. आत वेणी घातलेली जाडजूड केबल. दोन्ही टोकांना सोन्याचं पाणी. किंमत साडेसहा हजार.

"यानं काय होतं?" मी विचारलं.

"काळा रंग जास्त काळा दिसतो, सर."

इथं मला बोलणं भाग पडलं. एचडीएमआयमधून काळा रंग जात नाही, पांढराही जात नाही. जातात फक्त शून्य आणि एक. फोरके पडद्यावर 82,94,400 ठिपके असतात. त्यातल्या प्रत्येकाने काय रंग व्हायचं याचे आकडे सेकंदाला साठ वेळा या वायरीतून पळत असतात. आकडे पोचले तर चित्र येतं, जसंच्या तसं. नीट नाही पोचले तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र मध्येच जातं-येतं किंवा पडदा काळा होतो. मधली अवस्था जवळपास नसते. गच्चीवरच्या अँटेनाच्या काळात तशी होती: मुंग्या थोड्या, मुंग्या जास्त, वृत्तनिवेदिकेच्या मागे तिची सावली. त्या काळात चांगल्या वायरीने चित्र खरंच सुधारायचं. लोकांची श्रद्धा तिथंच अडकून राहिली आणि दुकानदारांनी तिला मखमली डबी शिवली.

"पण गोल्ड प्लेटेड आहे सर."

सोन्यापुढे मराठी माणूस गप्प होतो हे त्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलं असावं. सोन्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. सोनं गंजत नाही. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत साध्या धातूच्या पिनेवर थर चढतो, सोन्याच्या मुलाम्यावर तो चढत नाही. पण तो मुलामा दोन-तीनशेच्या केबलवरही असतो, आणि साडेसहा हजारवालीवरचा सगळा खरवडून सराफाकडे नेला तर त्याचा काटा जागचा हलणार नाही. परदेशात हजार डॉलरच्या पुढच्या केबलसुद्धा विकल्या जातात. घेणाऱ्यांना त्यांचा फरक दिसतोही. एवढे पैसे दिल्यावर फरक न दिसण्याची हिंमत कुणाला आहे?

मुलाने शेवटचा पत्ता टाकला. "सर, ही टू पॉइंट वन आहे. ती स्वस्तवाली टू पॉइंट झिरो."

तर या आकड्यांबद्दल. एचडीएमआय 2002 सालच्या डिसेंबरात जन्माला आलं. हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा, एरवी एकमेकांच्या मुळावर उठलेल्या या सात कंपन्या एकत्र बसल्या आणि चित्र-आवाजाला मिळून 19 पिनांचा एकच जोड त्यांनी ठरवला. काम मोठं झालं. नावं ठेवायचं काम मात्र चहा संपल्यावर घाईत उरकलेलं दिसतं. 1.4, 2.0, 2.1 हे आकडे यंत्रांसाठीच्या नियमांचे आहेत, केबलचे नाहीत. केबलला नावं आहेत ती अशी: हाय स्पीड, त्याच्यावर प्रीमियम हाय स्पीड, त्याच्यावर अल्ट्रा हाय स्पीड. यांच्यात हळू कोणीच नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर एसटीची साधी, निमआराम आणि शिवनेरी. प्रीमियममधून सेकंदाला 18 गिगाबिट जातात, अल्ट्रामधून 48. 2025 मध्ये 96 गिगाबिटवालीही जाहीर झाली. पण स्वारगेटहून डेक्कनला जायला शिवनेरी कशाला? डीटीएचच्या डब्याला साधी हाय स्पीड चिक्कार होते. फोरके सिनेमे दाखवणाऱ्या काडीला किंवा डब्याला प्रीमियम पुरते. अल्ट्रा लागते ती सेकंदाला 120 चित्रं फेकणारं गेमिंगचं यंत्र घरात असेल तर, म्हणजे घरात साधारण सतरा वर्षांचा मुलगा असेल तर.

साडूंनी सगळं ऐकून घेतलं आणि साडेसहा हजारवाली घेतली. "राहू दे, एकदाच घ्यायची आहे." हे वाक्य बोललं की चर्चा संपते. त्यांच्या डोळ्यांना आता काळा जास्त काळा दिसतो.

मी स्वतः केबल घेतो ती पुण्यात तपकीर गल्लीत. तिथं कुणी काळजीने बोलत नाही. "एचडीएमआय द्या" म्हटलं की वर न बघता प्रश्न येतो, "किती मीटर?" केबलच्या व्यवहारातला हा एकमेव शहाणा प्रश्न आहे, आणि तो मखमली डबीवाल्यांकडे मी अजून ऐकलेला नाही. दीड मीटरची कुठलीही बरी केबल चालते. लांबी वाढली की आकडे वाटेत दमतात. 48 गिगाबिटचा वेग हवा असेल तर साध्या तांब्याच्या केबलने चार-पाच मीटरपुढे भरवसा देता येत नाही. मग आतून काचेचे धागे असलेली, प्रकाशावर चालणारी केबल घ्यावी लागते.

या केबलवरून आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे जे रामायण घडलं ते सांगितलंच पाहिजे. काकांनी हॉलचं काम काढलं. इंटिरिअरवाल्या मुलीची एकच अट होती: वायर दिसता कामा नये. डबे सगळे हॉलच्या पलीकडच्या टोकाला कपाटात, टीव्ही या भिंतीवर, मध्ये दहा मीटर भिंत. एचडीएमआयचं डोकं पाऊण इंची पाइपाच्या वळणातून जात नाही हे भिंत फोडल्यावर कळलं, म्हणून भिंत आणखी फोडली. केबल ओढली. वर पीओपी, पुट्टी, दोन हात रंग आणि त्यावर निवडुंगाचा वॉलपेपर. मुहूर्तावर टीव्ही लावला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं, काकांनी रिमोट दाबला. पडदा काळा. साडूंना हवा होता तेवढा काळा.

साध्या तांब्याच्या केबलला उलट-सुलट नसतं, कुठलंही टोक कुठंही लावा. या प्रकाशवाल्या केबलला मात्र असतं. एका टोकावर 'सोर्स' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'डिस्प्ले'. इलेक्ट्रिशियनने ओढताना जे टोक हाताला आलं ते आत घातलं होतं. यावर घरात संध्याकाळभर खल झाला. इंटिरिअरवाली मुलगी रडवेली, इलेक्ट्रिशियन "माझ्याकडे माल जसा आला तसा ओढला" या मुद्द्यावर ठाम, काका वॉलपेपरकडे बघत गप्प. शेवटी काकू म्हणाल्या, "एवढं कशाला? डबा भिंतीवर लावा आणि टीव्ही ठेवा कपाटात!"

निवडुंग फाडावाच लागला.

साउंडबार घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची केबल बरोबर असते, भोक चुकतं. टीव्हीला मागे तीन-चार एचडीएमआयची भोकं दिसायला सारखी असतात, पण टीव्हीतला आवाज उलट बाहेर साउंडबारकडे पाठवणारं साधारणपणे एकच असतं. त्यावर बारीक अक्षरात 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं, नेमकं भिंतीच्या बाजूला, चाळिशी लागलेल्या माणसाला वाचता येणार नाही अशा बेताने. लोक पहिल्या भोकात घालतात, आवाज येत नाही, आणि साउंडबार बदलून मागतात. काही जण ऑप्टिकल वायर लावतात. लाल दिवा लागणारी ही वायर तोशिबाने 1983 मध्ये काढली, अजून छान चालते. फक्त तिच्या दोन्ही टोकांवरची प्लॅस्टिकची बारीक टोपी काढून मग ती लावायची असते. मी ती टोपी आजवर बऱ्याच सुशिक्षित घरांतून काढली आहे.

तेव्हा केबल आणायला निघालात तर आधी घरी सुतळी धरून अंतर मोजा, वळणांसकट, आणि वर अर्धा मीटर धरा. फोरके यंत्र असेल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या भोकासाठी 'एन्हान्स्ड' का काय ते चालू आहे ना बघा. पुष्कळ टीव्हींत ते मुळात बंद असतं आणि दोष केबलच्या माथी येतो. प्रीमियम किंवा अल्ट्रा घेणार असाल तर खोक्यावर मोबाइलने स्कॅन करायचं सर्टिफिकेटचं लेबल असतं, ते पैसे देण्याआधी स्कॅन करा. डब्याला लागणारी दीड मीटरची साधी केबल दोन-चारशे रुपयांत मिळते. त्याच केबलचे कुणी हजारांत मागितले, तर नमस्कार करा आणि पुढच्या दुकानात जा.