माझ्याच हाताला उघडते

झिजलेल्या किल्लीने जुनी मोटार चालवणाऱ्या माणसाला लोक चिक्कू म्हणतात, ते चूक आहे. २०१४ साली बनायची बंद झालेली मारुती ८०० नगर जिल्ह्यात एमएच-१६ नाहीतर श्रीरामपूरकडच्या एमएच-१७ पाटीवर अजून जपणारे हे गृहस्थ गाडीवरच्या खर्चाला मागेपुढे पाहत नाहीत. दिवाळीला नवी सीट कव्हरं येतात. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत जाऊन पाच वर्षांचं नूतनीकरणही ते हौसेने करून आणतात. नवी किल्ली मात्र नको. कारण गाडी चालवायला घरातल्या कुणालाही येते. उघडायला फक्त त्यांना येते. भाजी कसली करायची, टीव्हीवर काय लावायचं, हे त्यांना विचारायचं घरच्यांनी कधीच सोडलंय. पण देवगडला दत्ताच्या दर्शनाला निघायचं ठरलं, की सगळं कुटुंब डबे-पिशव्या घेऊन दारापाशी त्यांच्यासाठी ताटकळतं. हा मान चावीवाला चार रुपड्यांत हिरावून नेणार, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

त्यांच्या कलेचं शास्त्र साधं आहे. कुलपाच्या पोटात पातळ पट्ट्या असतात; किल्लीच्या खाचा त्यांना नेमक्या जागी आणतात, तेव्हाच ते फिरतं. दाते बोथट झाले की पट्ट्या अर्ध्यावर राहतात. मग किल्ली केसभर मागे ओढायची, जरा खाली दाबायची आणि मनगटाला हिसका द्यायचा. स्टेअरिंग लॉक अडकलं तर चाक डावी-उजवीकडे हलवत किल्ली फिरवायची, हे त्यांचं तंत्र मात्र अगदी बरोबर आहे. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बाकी कर्तृत्व जुडग्याचं. घराची, कपाटाची, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीची किल्ली आणि शिर्डीहून आणलेले पितळी साईबाबा, एवढा ऐवज इग्निशनला लोंबत राहतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यागणिक आतलं कुलूप खातो. वर औषध म्हणून खोबरेल. ते २४ अंशांच्या खाली थिजतं, आणि नगरची थंडी त्याहून कितीतरी खाली उतरते. उन्हाळ्यात पातळ झालं की धूळ धरून बसतं. ग्राफाइटची पूड कोरडी, धुळीला चिकटू न देणारी. पण ती सुचवणाऱ्याला 'तुमच्याकडे गाडी कुठली?' असं विचारून गप्प केलं जातं.

कुणी म्हणेल, त्यांनी एकदा नवी किल्ली करून घेतली होती, तीही लागली नाही, मग त्यांचा काय दोष? दोष हा, की चावीवाल्यापुढे त्यांनी झिजलेलीच किल्ली ठेवली. नक्कल काढणारं यंत्र समोरचे दाते जसे असतील तसे कापतं. झीजसुद्धा इमानाने उतरवतं. नमुना द्यायचा तो गाडीबरोबर आलेल्या दुसऱ्या किल्लीचा. ती आहे. कपाटाच्या आतल्या कप्प्यात, शोरूमच्याच पिशवीत, कोरी करकरीत. ती का वापरत नाही, असं विचारलं की उत्तर येतं, 'झिजेल ना!' पैशाचा लोभ असता तर माणसाने फुकट हाताशी असलेली किल्ली आधी काढली असती.

उरला चोराचा मुद्दा, तो ते स्वतःच काढतात. पलीकडे शिंगणापूरला घरांना कुलपं न लावण्याची परंपरा, २०११ साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. तिथे शनिदेव राखण करतात, इथे आपली बोटं, असा हिशोब. हिशोब उलटा आहे. झिजलेलं कुलूप चोखंदळ राहत नाही. दुसऱ्या गाडीची, कधी स्कूटरचीही किल्ली त्यात फिरून जाते. जावयाने गंमत म्हणून आपली किल्ली घातली आणि दार पहिल्या फटक्यात उघडलं, तर गाडी चोरीला जाण्याची धास्ती या गृहस्थांच्या मनाला शिवतही नाही. दुखतं ते वेगळंच. 'नशिबाने लागली,' म्हणत ते दार पुन्हा लावून घेतात आणि आपल्या किल्लीने रीतसर उघडायला बसतात. मंडळी तोवर उन्हात.