बोनेटवरचे घोडे

सेवाग्रामात राहून यंत्र विकत घ्यायचं म्हणजे आधी बापूंच्या नावाने खुलासा तयार ठेवावा लागतो. पाहुणा अंगणात शिरतो, नवं लोखंड पाहतो आणि चहाच्या आधी विचारतो, "बापूंच्या गावात हे?" मग आम्ही बापूंनी शिवणयंत्राला दिलेली सूट सांगतो, आश्रमातला टेलिफोन पाहून या म्हणतो. या खेपेला मामला जरा जड होता. घ्यायचं होतं फांद्या गिळून त्यांचा चुरा ओकणारं यंत्र, तेही १५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरला मागे जोडायचं. त्याला चिपर म्हणतात. काका पहिल्या दिवसापासून त्याला चिपाड म्हणतात आणि दुरुस्त केलं की मुद्दाम मोठ्याने म्हणतात.

गरज मात्र खरी होती. धुऱ्यावर कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ, दरसाल छाटणी, आणि कापूस निघाला की वावरभर पऱ्हाटी. एके काळी पऱ्हाटीचा ढीग ही घरची श्रीमंती होती. वर्षभराचं सरपण त्यातच असे, आणि ढिगाच्या उंचीवरून सोयरे घराचा अंदाज बांधत. गॅस आला आणि ढिगाची इज्जत गेली. त्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला. तेव्हापासून सगळे जाणकार कानीकपाळी ओरडतात: फरदड (हंगाम संपल्यावरही लांबवलेला कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात उभी ठेवू नका, धुऱ्यावर रचूनही ठेवू नका, बारीक करून मातीत घाला. बोंडात लपलेली अळी ढिगातच मुक्काम करते आणि पुढच्या हंगामाला ताजीतवानी हजर होते. पेटवून द्यावं तर धूर आश्रमाच्या दिशेने जातो, आणि पुन्हा बापू.

म्हणून दुकान गाठलं. दुकानदार भला माणूस होता, पण त्याच्या शब्दकोशात एकच क्रियापद होतं.

"आपल्या पंधराला हे चालेल का?"

"चालते ना, भाऊ."

"आणि हे, चार इंची फांदीचं?"

"चालते."

"ते पऱ्हाटीचं, मोठ्या ट्रॅक्टरचं?"

"पाहून घेऊ ना भाऊ, चालते."

मी खांबाकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. खरी मेख अशी की बोनेटवर लिहिलेले १५ हे इंजिनाचे असतात. अवजार फिरवणाऱ्या मागच्या पीटीओच्या दांड्यापर्यंत येईस्तोवर गिअर, पंप, घर्षण असे सगळे आपापला वाटा काढतात आणि आमच्या छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या दाराशी अकरा-बारा पोचतात. नोकरदाराला हे समजावून सांगावं लागत नाही: नेमणुकीच्या पत्रावरचा पगार वेगळा, हातात पडणारा वेगळा. चिपर मात्र हातात पडणाऱ्यावरच चालतो. त्याच्या पाटीवर 'किमान इतके एचपी' असं लिहिलेलं असतं ते मागच्या दाराचं असायला हवं, आणि दुकानात ते पुढच्या दाराचं धरून विकलं जातं.

काकांना एचपी ही कल्पनाच मंजूर नाही. मी त्यांना जेम्स वॅटची गोष्ट सांगितली. वाफेचं इंजिन विकायचं तर गिऱ्हाइकाला त्याच्या घोड्यांच्या भाषेत सांगावं लागेल, म्हणून त्याने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक घोडा असा हिशेब मांडला. तो जरा सढळ हाताने मांडला. खरा घोडा दिवसभर तेवढं ओढत नाही.

"मंग आपली जोडी किती बे?"

"पुस्तकात बैलजोडी साधारण एक एचपी धरतात."

काका बराच वेळ गप्प राहिले. त्यांच्या तरुणपणी दारात गवळाऊ जोडी होती. वर्ध्याची पांढरीशुभ्र, चपळ जात. दमणीला जुंपली की मागे धूळ तेवढी राहायची. "म्हणजे हे डबडं पंधरा जोड्यायचं? पंधरा जोड्या असत्या तं म्या तुह्यासंग चिपाड पाहत फिरलो असतो का?"

पण जोडी जमवणं म्हणजे काय, हे गावात काकांएवढं कुणाला कळत नाही. एक बैल तगडा आणि एक मरतुकडा असला की जू तिरपं होतं, सरी वाकडी जाते आणि दोघंही लवकर थकतात. हा माणूस बाजारात बैलाच्या खांद्यावरून हात फिरवून सांगायचा की याला बंडी चालेल, नांगर नाही. ट्रॅक्टरच्या खांद्यावरून हात फिरवायची सोय नाही, एवढीच अडचण.

त्यानंतर सल्ल्यांचा पाऊस पडला. वर्ध्याचे जावई म्हणाले, मोठंच घ्या, उद्या ट्रॅक्टर मोठा घ्याल. म्हणजे आधी टोपी आणि मग डोकं. शेजारच्या मास्तरांनी सरकारी अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करायला सांगितलं. तिथे अवजार निवडताना ट्रॅक्टरचा गट विचारतात: २० एचपीच्या आतला, २० ते ३५, की ३५ च्या वरचा. तो रकाना भरताना मला प्रथमच बरं वाटलं. निदान कुणीतरी 'चालते' न म्हणता आधी ताकद विचारत होतं. पुढे तेव्हा लॉटरी असे, तो भाग वेगळा.

शहाणपणाचं बोलला तो मिस्त्री. त्याने दोन फांद्या उचलल्या, एक दोन इंची आणि एक चार इंची. "भाऊ, हे दुप्पट दिसते ना? दुप्पट नाही, चौपट आहे." बरोबरच होतं. जाडी दुप्पट झाली की कापायच्या गोलाचं क्षेत्रफळ चौपट होतं, आणि बाभूळ वाळलेली असली तर त्याहून वाईट. ओलं लाकूड सुखाने कटतं, वाळलेलं भांडतं. शिवाय बोथट पात्याला धारदार पात्यापेक्षा जास्त ताकद लागते. लोक पातं पाजळत नाहीत आणि ट्रॅक्टरला शिव्या देतात. मिस्त्रीने आणखी एक गोष्ट सांगितली. चिपरमधली जड तबकडी ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर एकदा वेगात आली की ताकद साठवून ठेवते. फांदी आत गेली की त्या साठ्यातून खर्च होतो, आणि दोन फांद्यांच्या मधल्या वेळात इंजिन साठा भरून काढतं. म्हणून छोट्या ट्रॅक्टरला फांद्या दमाने द्यायच्या. आवाज बसला की हात आखडता घ्यायचा. तबकडी फार जड घेतली तर ट्रॅक्टरचं नाक वर उचललं जातं, तेही पाहायचं.

त्या रात्री मला बापू आठवले, पण पाहुण्यांना सांगायचे ते नव्हेत. १९२९ साली बापूंच्या चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी मी पुन्हा काढून वाचल्या. हाताने किंवा पायाने चालावा, आठ तासांत १६,००० फूट सूत निघावं, किंमत १५० रुपयांच्या वर नको. आणि मुख्य म्हणजे बाईने सलग आठ तास चालवला तरी तिची फार दमछाक होऊ नये. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. किर्लोस्करांनीही चरखा पाठवला होता; ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात यंत्रं बनवायची सुरुवात कडबा कापायच्या यंत्रापासून केली, त्यांच्या कारखान्याचा चरखाही परीक्षकांना पटला नाही. मला ती दमछाकीची अट फार आवडली. यंत्राबरोबर चालवणारीचा दमही मोजलेला. यंत्रांचा शत्रू म्हणून ज्यांना पाहुणे माझ्या अंगणात उभं करतात, त्यांच्याएवढं नेमकं मागणीपत्र माझ्या दुकानदाराने जन्मात पाहिलं नसेल. इथून जवळच पवनारला विनोबांनी ऋषिशेतीत बैलही सोडले आणि कुदळ हाती घेतली. त्यांचा जोडी जमवायचा प्रश्नच मिटला. आमच्यात तेवढं तेज नाही.

शेवटी छोटा चिपर घेतला. पऱ्हाटीसाठी मोठ्या ट्रॅक्टरचा श्रेडर भाड्याने सांगायचा आणि हा फक्त धुऱ्याच्या फांद्यांना, असं ठरलं. मिस्त्रीने जाताना मर्यादा घालून दिली: "मनगटाएवढी फांदी, वर नाही."

कुणाचं मनगट, हे तो बोलला नाही. सालदाराचं मनगट माझ्या पोटरीशी स्पर्धा करतं. त्याने स्वतःच्या मापाने बाभूळ घातली तेव्हा ट्रॅक्टर एकदा कण्हला, शिअर बोल्ट तुटला आणि सगळं शांत झालं. बोल्ट तुटायलाच असतो, गिअर वाचवायला. पण काकांनी तेवढ्यावर दोन दिवस भाषण केलं.

तोड काकूंनी काढली. त्यांनी ट्रंकेतून एक जुनी पितळी बांगडी काढली, सव्वादोनच्या मापाची, आणि दोरीने चिपरला बांधली. फांदी बांगडीतून गेली तर आत, नाही गेली तर कुऱ्हाडीकडे. सव्वादोन इंच, मिस्त्रीनेही मान डोलावली. काकांनी स्वतः दोन-चार फांद्या तपासल्या आणि पहिल्यांदाच त्या यंत्राला चिपर म्हणाले.

परवा ट्रॅक्टर पुन्हा कण्हू लागला. जाऊन पाहिलं तर दोरीला बांगडी होती, पण पावणेतीनची. सालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "काकूची लहान होत होती जी. घरून बायकोची आणली."