फुल एचडीची हौस

लॅपटॉपची स्क्रीन फुटली की आमच्यासारख्या हौशी लोकांना नुकसानीआधी संधी दिसते. बसवायचीच आहे तर मोठ्या घरचीच आणू! १३६६ बाय ७६८ च्या जागी फुल एचडी, जमल्यास फोर-के. मग तिच्यावर पाहायचे वीजबिलच का असेना. पण सावलीसारख्या गावात काय नि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, दुकानात पॅनल मिळते, रिझोल्यूशन मिळेलच असे नाही. तीस पिनांचा जोड साध्या नि फुल एचडी दोन्ही पॅनलांना सारखाच, म्हणून पॅनल बसते आणि म्हणूनच फसवते. साध्या पॅनलच्या केबलमध्ये बहुधा डेटाची एकच वाट ओढलेली असते. फुल एचडीला सहसा दोन लागतात. साडेदहा लाख ठिपक्यांच्या वाटेने वीस लाख येणार कसे? ज्या सावलीत १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन भरले, खुद्द गांधीजी आले, त्या खादीच्या गावाला हे समजावायला नको. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या, तितका सुताचा अंक. कातणाऱ्याने चाळीस अंकी सूत काढून मिरवावे खुशाल; मागाची फणी दहा अंकी सुताची असेल तर विणून निघेल ती मच्छरदाणी. असो, सुतावरून केबलवर येऊ.

कुणी म्हणेल, केबलही बदलू. बदला, मदरबोर्डाने साथ दिली तर फुल एचडी चालेल. पण डोळा कुठून बदलणार? अर्ध्या मीटरवरून निरोगी डोळ्याला साधारण ०.१५ मिलिमीटरपर्यंतचा बारकावा कळतो. १५.६ इंची जुन्या पॅनलचा ठिपका ०.२५चा, फुल एचडीचा ०.१८चा, म्हणजे फरक दिसतो. फोर-केचा ०.०९चा, तो उपभोगायला नाक काचेला लावावे लागेल. 'पण देवनागरीचे काय?' हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. जुन्या पॅनलवर बारीक अक्षरांत रफार वेलांटीत शिरतो, अनुस्वार मात्रेत बुडतो. तेवढ्यासाठी फुल एचडी घ्यावीच. फक्त सातबारावर नावातला अनुस्वार दिसला नाही तर पॅनलला दोष देऊ नये. पुष्कळदा तो नोंद टंकतानाच गेलेला असतो. मग जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज, आणि ऐन रोवणीत बांध सोडून तहसिलीच्या खेपा. चूक टंकणाऱ्याची, मजुरी बुडते शेतकऱ्याची. या रागावर कुठल्याच दुकानात पॅनल नाही. बाकी खरेदीपुरते सांगायचे तर जुन्या पॅनलच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आधी उतरवून घ्यावा, आणि दुकानदाराने फोर-के दाखवलेच तर नमस्कार करून निघावे.