अडीच किलोचा षड्ज

लॅपटॉप घ्यायला निघालो तेव्हा भाच्याने बजावलं होतं, "मामा, प्रोसेसर बघ, रॅम बघ." मी दोन्ही लॅपटॉप उचलून बघितले. वजन ही एकच गोष्ट मला कुणी न समजावता समजते. एक सव्वा किलोचा, पंखाच नसलेला. दुसरा 'प्रोफेशनल', अडीच किलोचा, वर चार्जरचं ओझं वेगळं. कमरेला विचारलं. कमर म्हणाली, सव्वा.

घरी येऊन सोसायटीच्या गणपतीसाठी रचलेलं गाणं बसवायला घेतलं. तानपुरा, तबला, झांजा इथवर सगळं सुरळीत चाललं, मग हौसेनं व्हायोलिनांचा ताफा बोलावला. खऱ्या व्हायोलिनचा एकेक सूर मुद्रित केलेली ती लायब्ररी रॅममध्ये पाय पसरून बसते, माझी रॅम आठ जीबी आणि तीही बोर्डावरच डकवलेली, त्यात पंखा नसल्यामुळे गरम झालं की प्रोसेसर आपणहून दमाने घेतो, तेव्हा अंतऱ्याला पोचेपर्यंत व्हायोलिनं फोडणीतल्या मोहरीसारखी तडतडायला लागली. भाच्याने फोनवरून बफर १०२४ करायला सांगितलं. तडतड थांबली. पण ४४,१०० च्या सॅम्पल रेटला १०२४ सॅम्पल म्हणजे आत जाताना २३ मिलिसेकंदांचा उशीर, बाहेर येताना आणखी २३. हेडफोनमध्ये माझाच आवाज माझ्या मागून यायला लागला, मी त्याच्यासाठी थांबलो, तो माझ्यासाठी थांबला. तबला कुणासाठीच थांबला नाही. बफर १२८ वर आणला, आवाज वेळेवर आला, मोहरीही आली.

शेवटी भाच्याने स्वतःचा अडीच किलोचा आणून दिला. त्यात व्हायोलिनं मावली, सनई-चौघडाही मावला असता. फक्त भार पडताच त्याचे पंखे घोंघावू लागले, आणि माझ्या कंडेन्सर माइकला तर शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा स्पष्ट ऐकू येते. लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, तर माइकची वायर पुरेना आणि ओट्याजवळून "मला पोळ्या लाटायच्यात, तुमचं ते विमान हलवा" असा हुकूम आला. पलंगावर ठेवून वर गोधडी घातली, तर आत उकडून पंखे दुप्पट जोराने फिरायला लागले. मी तसाच गायलो.

रेकॉर्डिंग ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, गाण्याचं बघू नंतर. पण तानपुरा काय सुरेख लागलाय!"

तानपुऱ्याचा ट्रॅक मी म्यूट केला होता.