सुधारणा आवश्यक

कन्येच्या अभ्यासाचं वेळापत्रक मी ऑफिसातून ए-थ्री कागदावर रंगीत छापून आणलं, वर लॅमिनेशनही करून घेतलं. इथेच चुकलं. लॅमिनेशनवर खाडाखोड करता येत नाही.

तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी गेली सोळा वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. म्हणजे उद्या काय होणार नाही ते आज लिहून ठेवतो. तरीही नियोजन म्हटलं की माझी छाती दोन इंच पुढे येते. पोटाला ती अजून गाठू शकलेली नाही, हा भाग वेगळा. महिन्याच्या डिस्पॅचचा आराखडा करणाऱ्या माणसाला सातवीतल्या एका पोरीचे विषय ते काय! हिरव्या रंगात अभ्यास, पिवळ्यात उजळणी, निळ्यात 'पाणी पिणे' आणि गुलाबीत 'मनोरंजन (२० मिनिटे)'. सकाळची शाळा सातची, म्हणून उठायचं सव्वापाचला. झोपायचं साडेदहाला. मधल्या सव्वासतरा तासांत रिकामं असं एक मिनिट नाही.

माझ्या आईने चष्मा लावून तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "यात पोरीने शू कधी करायची?"

खरंच रकाना नव्हता.

आता थोडं माझ्या बाजूनेही ऐका. ते साल २०२५. त्या वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा अख्ख्या राज्यात एकाच वेळापत्रकाने ठरल्या, ८ ते २५ एप्रिल. निकाल १ मे रोजी. पूर्वी एप्रिलच्या मध्यावर पेपर आटपायचे आणि उरलेले दिवस मुलं नुसती हजेरी लावून यायची. तसं होऊ नये, मुलं महिनाअखेरपर्यंत शिकत राहावीत, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण पुण्यात बसून आखलेल्या त्या तक्त्यात आमच्या महालक्ष्मीला कोणी विचारलं नव्हतं. त्या वर्षी चैत्री पौर्णिमा १२ एप्रिलला आली. त्या दिवसापासून पंधरा दिवस डहाणू तालुक्यात विवळवेढ्याला देवीची यात्रा असते. डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, पार गुजरातेतून माणूस लोटतो. म्हणजे परीक्षा आणि जत्रा एकाच मुहूर्तावर. एका हातात प्रश्नपत्रिका आणि डोळ्यांपुढे आकाशपाळणा! मी मनातल्या मनात त्या वेळापत्रक करणाऱ्याला चार शब्द सुनावले. मग भिंतीवरच्या माझ्या लॅमिनेशनकडे नजर गेली आणि त्यातले दोन परत घेतले.

अभ्यास सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी मी पुस्तकाबाहेरची भर घातली. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरचं, १९६९ पासून चालू, आणि तेही आपल्याच तालुक्यात, हे मी अशा आवाजात सांगितलं की जणू फीत मीच कापली होती. 'चालू' हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि वीज गेली.

अंधारात कन्या म्हणाली, "बाबा, पुढचं सांग."

गावाचा असा परभारे अभिमान बाळगायची मला सवयच आहे. कन्या ठाणे जिल्ह्यात जन्मली आणि १ ऑगस्ट २०१४ला, जागची न हलता, पालघर जिल्ह्याची झाली. मग २०२१मध्ये जिल्ह्याचं मुख्यालयच आमच्या कोळगावात येऊन बसलं. तेव्हापासून मुंबईच्या नातेवाइकांना मी 'कलेक्टर आणि आम्ही एकाच गावात' असं सांगतो. कलेक्टरांना याची कल्पना नाही.

तर परीक्षा म्हटली की प्रगतिपत्रक आलंच. सध्याच्या प्रगतिपत्रकावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो. आमच्या काळी शिक्षकांकडे शेरा नावाचं हत्यार असायचं. 'बरा', 'ठीक', 'लक्ष नाही', 'पालकांनी भेटावे'. दोन शब्दांत मुलाचा निकाल आणि बापाची इज्जत. मला पहिलीपासून सातवीपर्यंत एकच शेरा होता, 'अक्षर सुधारावे'. सात वर्षांत पाच गुरुजी बदलले, शेरा तसाच राहिला. पुढे २०१०पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि शेऱ्याच्या जागी वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक, असे तीन रकाने. यात कोणी ढ नसतो. जो वर्गभर भटकतो तो 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो'. जो तोंड उघडत नाही तो 'इतरांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतो'. साठ-साठ मुलांच्या अशा नोंदी लिहिताना बाईंची बोटं दुखत असणार. पण भाषा काय सभ्य!

मला ही भाषा इतकी आवडली की मी घरातल्या सगळ्यांच्या नोंदी लिहून काढल्या. बायको : विशेष प्रगती, 'झालेली चूक अचूक तारखेसह सांगते', आवड-छंद, 'मागचे संदर्भ जतन करणे', सुधारणा आवश्यक, 'स्कूटरची चावी जागेवर ठेवावी'. आई : विशेष प्रगती, 'दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असूनही घरातील सर्व ऐकते'; सुधारणा आवश्यक, 'लागू नाही' (मला याच घरात जेवायचं आहे). शेजारच्या बंगल्यातले काका : 'परिसरातील घटनांचे सूक्ष्म निरीक्षण करतात'. आमचं मांजर : 'स्वयंअध्ययनाची सवय आहे'. ऑफिसातल्या साहेबांचीही नोंद लिहिली होती, पण ती घरी वाचून झाल्यावर गिळून टाकली. स्वतःची लिहायला घेतली तेव्हा 'विशेष प्रगती'चा रकाना भरून मागच्या पानावर गेला. तिसरा रकाना कोरा ठेवला. बायकोने कागद वाचला, एक शब्दही न बोलता पेन उचललं, आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'पुरवणी जोडावी'.

मुलांच्या मनाकडेही माझं लक्ष होतं, हे मी आवर्जून सांगतो. शाळांमध्ये २०२४पासून 'आनंददायी शनिवार' असतो. ताण हलका करायचा, योगासनं, खेळ, गप्पा. सरकारला आनंदासाठी आदेश काढावा लागला यावर मी बरेच दिवस हसत होतो. मग मीही तेच केलं. कारखान्यात ताण-व्यवस्थापनाचं दोन तासांचं प्रशिक्षण झालं होतं, त्या भांडवलावर शनिवारी रात्री नऊला कन्येला समोर बसवलं. डोळे मिट, श्वास मोज, दहापासून उलट. मला शेवटचा आठवतो तो सात. जाग आली तेव्हा अंगावर पांघरूण होतं आणि बाजूला बसून कन्या गणितं सोडवत होती. तक्त्यात त्या वेळेला 'बाबांबरोबर विश्रांती' असंच लिहिलेलं असल्यामुळे नियमभंग झाला म्हणता येईना.

पण पोरगी थकलेली दिसत होती. एप्रिलमध्ये आमच्याकडचा उकाडा अंगाला चिकटून बसतो. शाळेतून दुपारी आली की ती दप्तरासकट लादीवर आडवी व्हायची. आई तिच्यासमोर सोललेले ताडगोळे ठेवायची आणि माझ्याकडे बघायची. त्या नजरेला लॅमिनेशन करता आलं नसतं.

मग एका संध्याकाळी मी पुस्तकांची तपासणी काढली. त्या वर्षीच्या आणि आदल्या वर्षीच्या पाठ्यपुस्तकांत कोरी पानं असायची. दप्तर हलकं व्हावं म्हणून पुस्तकाचे चार भाग केले होते आणि धड्यांबरोबर 'माझी नोंद' लिहायला जागा दिली होती. मुलांनी तरीही वह्या नेल्याच, दप्तर होतं तेवढंच राहिलं, आणि २०२५च्या जानेवारीत ती पानं पुढच्या वर्षापासून बंद करायचं ठरलं. मला वाटलं, ही पानं कोरी असणार. भाषणही तयार ठेवलं होतं.

पानं गच्च भरलेली होती. दिवाळीनंतरच्या प्रत्येक धड्यापाशी, समासापर्यंत, आडवंतिडवं. मला एक ओळ धड वाचता येईना.

"हे काय लिहिलंयस? अक्षर लागत नाही तुझं!"

"तुला नाही लागणार. तिला लागतं."

ती म्हणजे बाकावरची शेजारीण. दिवाळी झाली की तिचे आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तीही जाते. कन्येने मला दोन-तीन नोंदी वाचून दाखवल्या. 'आज पंखा बंद होता. गुणोत्तर सोपं आहे, घाबरू नको.' 'बाईंनी नवा चष्मा घेतला, त्यातून त्यांना मागचा बाक दिसतो, सावध राहा.' 'तुझ्या जागेवर मी दप्तर ठेवते, म्हणजे कोणी बसत नाही.'

असं स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं, ते दाखवलं की जातील तिथल्या शाळेत बसता येतं, ही माहिती माझ्याकडे होती आणि मी ती लगेच दिली. कन्या म्हणाली, "मग तिच्या धाकट्या भावाला कोण बघणार?"

नियोजनात मी सोळा वर्षं काढली आहेत. मी उठून पाणी प्यायलो. निळा रकाना.

रविवारी, वीस तारखेला, तक्त्यात 'संपूर्ण उजळणी' होती. आम्ही चौघं सकाळी एसटी धरून यात्रेला गेलो. तिथे आकाशपाळण्यात मी डोळे मिटून दहापासून उलट मोजत होतो आणि कन्या वरून डोंगर बघत होती. तिने बांगड्यांच्या दुकानात शेकडेवारी वापरून बाईला पंधरा रुपयांनी खाली आणलं. दोन डझन घेतल्या, एक डझन लहान मापाच्या. मी माप चुकलं म्हणून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तिने विचारलं, "बाबा, भट्टीवर रविवार असतो का?"

मी म्हटलं, "झोप जरा."

एक मे रोजी निकाल लागला. बहुतेक विषयांत अ-२, एका विषयात ब-१. विशेष प्रगती, 'सहाध्यायींना मदत करते'. बाईंच्या नव्या चष्म्यातून मागचा बाक खरोखरच दिसत असावा. आवड-छंद, 'लेखन'. आणि शेवटच्या रकान्यात, सुधारणा आवश्यक : 'अक्षर सुधारावे'.

मी तो रकाना आईला दाखवला, बायकोला दाखवला, कुंपणावरून काकांनाही दाखवला. तीस वर्षांपूर्वीचं घराण्याचं नाव पोरीने राखलं होतं. "यात एवढं हसण्यासारखं काय आहे?" बायको म्हणाली. तिला कसं सांगायचं?

मग पालकांच्या जागी ऐटीत सही केली. कन्येने पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हे काय लिहिलंयस?"