बिनभोपळ्याची सतार

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक खोका आला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, आणि चारही अंगांना फुटक्या पेल्याचं चित्र. वॉचमननं इंटरकॉमवरून वर्दी दिली, ‘सार, टीव्ही बंदिदे.’ मी म्हटलं, हो, टीव्हीच, पाठवून दे. तसं खोटं बोलायचं कारण नव्हतं. पण सत्तेचाळीस वर्षांच्या, गुडघ्याचा एमआरआय झालेल्या माणसानं इलेक्ट्रिक गिटार मागवली, ही बातमी बाराशे फ्लॅटांच्या वसाहतीत थेट फाटकापासून पसरू नये इतकीच इच्छा होती.

खोका लिफ्टमध्ये आडवा मावेना, म्हणून उभा धरला. शेजारी सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ दह्याची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, ‘स्ट्रॅट की टेली?’ त्यांची बायको लिफ्टमध्ये नव्हती. सवय असणार. मी कुजबुजलो, ‘स्ट्रॅट.’ सहावा मजला आला. उतरताना त्यांनी माझा खांदा दाबला. स्मशानातून परतताना दाबतात तसा.

मी मूळचा मिरजेचा. मिरजेच्या माणसानं तारांचं वाद्य कॅलिफोर्नियाच्या कंपनीकडून घ्यायचं म्हणजे नागपूरकरानं संत्री स्पेनहून मागवण्यासारखं आहे. आमच्याकडे गल्लीला गल्ली सतारमेकरांची. मुळात ही शिकलगार मंडळी, तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी हत्यारं खाली ठेवून भोपळे उचलले. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात येऊन राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे मिरज मिरजेतच आहे हे सरकारलाही पटलं.

अशा गावात अकरावीत असताना मी वडिलांकडे गिटार मागितली. ‘परकं वाद्य आहे ते,’ वडील म्हणाले, ‘पेटी शिक.’ पेटी पॅरिसहून आलेली आणि ती परकी म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी बोललो नसतो. पुढे सांगलीला इंजिनिअरिंग करताना मेसचे पैसे वाचवून एक गिटार घेतलीच. दुसऱ्या पावसाळ्यात तिचा दांडा असा वाकला की तिच्यावर कापूस पिंजता आला असता. तीन वर्षांत त्या गिटारवर मी एकच गोष्ट पुरी शिकलो, तार तुटल्यावर डोळा कसा वाचवायचा ती.

मग नोकरी आणि बंगळूर. या शहराशी आमचं नातं जुनं आहे. शहाजीराजांची इथे जहागीर होती, ती पुढे व्यंकोजीराजांकडे आली. व्यंकोजी तंजावरला जाऊन बसले आणि त्यांना इथला खर्च परवडेना. बंगळुरात खर्च न परवडलेला तो पहिला मराठी माणूस. म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांना शहर तीन लाखांना द्यायचं ठरलं. सौदा पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं, आणि तेवढ्याच तीन लाखांना वडियारांच्या हवाली केलं. मधल्या मध्ये पैसे खाणारा दलाल या शहरात तेव्हापासून आहे. आज तीन लाखांत इथे दोन खोल्यांच्या फ्लॅटचा ॲडव्हान्स जातो, किंवा अमेरिकेत घडवलेली एक गिब्सन लेस पॉल येते. मी दोन्हींच्या मध्ये सापडलेला माणूस, म्हणून मेक्सिकोत घडवलेली फेंडर घेतली.

ती घ्यायची ठरली मात्र २००७ सालीच. मार्चमध्ये त्याच वडियारांच्या राजवाड्याच्या मैदानावर आयर्न मेडन आले होते. काळे टीशर्ट घातलेले हजारो सॉफ्टवेअरवाले, निम्म्यांच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. तिघं गिटारवाले एका रांगेत उभे राहून वाजवत होते, आणि मी मनाशी म्हटलं, पुढच्या बोनसला. पुढच्या बोनसला लग्न झालं. त्याच्या पुढच्याला फ्लॅट, मग मुलगी, मग तिच्या शाळेची फी, जिच्या पावतीवर ‘संगीत’ असा वेगळा रकाना होता. अठरा वर्षं मी ती गिटार फक्त पडद्यावर पाहिली. रोज रात्री अमेरिकेशी कॉल संपला की परीक्षणाचे व्हिडिओ. त्यात कुणीतरी दाढीवाला माणूस दोन गिटारी एकामागोमाग वाजवतो आणि विचारतो, फरक कळला का? मला कधीच कळला नाही. मी प्रत्येक वेळी मान डोलावली.

या आजाराला नाव आहे. स्टीली डॅन या बँडच्या वॉल्टर बेकरनं नव्वदच्या दशकात एका लेखात त्याला ‘गिटार ॲक्विझिशन सिंड्रोम’ म्हटलं, आद्याक्षरं घेतली की ‘गॅस’. आपल्याकडे हे नाव चालायचं नाही. ‘गेली अठरा वर्षं मला गॅस आहे’ असं सांगितलं तर लोक ओवा देतात.

खोका उघडला त्या क्षणाविषयी थोडं लिहायला हवं, कारण उरलेला सगळा मजकूर त्या दहा मिनिटांच्या तुलनेत फुकट आहे. आधी लाकडाचा आणि लॅकरचा वास आला. मग त्या पाठीचा बाक, जो पोटाला टेकावा म्हणून १९५४ मध्ये आखला गेला आणि माझ्या पोटानं आता कुठे त्याला न्याय दिला. कडेला काळा, मग तांबूस, मध्ये मधासारखा पिवळा रंग. मी तिला अंगाशी धरून पलंगावर बसलो आणि काही वाजवलं नाही. बायको दारात येऊन उभी राहिली. ‘टीव्ही छान आहे,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

ज्यानं ही गिटार कल्पिली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. ही माहिती मी त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगतो. ऐकणारा म्हणतो, ‘वा!’ आणि मग विचारतो, ‘तुला येते का?’

तर, वाजवणं. इलेक्ट्रिक गिटार हे माणसानं बनवलेल्या सर्वांत कर्कश वाद्यांपैकी एक. मैदानं हलवायला काढलेलं. आणि बंगळुरात जितक्या आहेत, त्यांतल्या बहुतेक हेडफोन लावून वाजतात. वसाहतीच्या नियमावलीत कुत्र्याला दोन पानं आणि ‘ध्वनी’ला साडेतीन पानं आहेत. शिवाय या गिटारीचं पोट भरीव लाकडाचं, वायर काढली की तिचा आवाज डास मारायच्या रॅकेटएवढा. लाखभर रुपये खर्चून, वर अठरा टक्के जीएसटी भरून (हातानं बनवलेल्या तंबोऱ्यावर शून्य, मिरज इथे पुन्हा जिंकली), रात्री साडेअकराला एक इसम अंधारात बसून कुणालाही ऐकू न येणारा आवाज काढतो. खाली सहाव्या मजल्यावर दुसरा तेच करत असतो. दोघांनाही वाटतं, जग हललं.

तीन आठवडे असे गेल्यावर आई आली. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं, सोबत भडंगाचे दोन डबे आणि पर्समध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा. तो तंबोरा बंगळूरचाच बरं का. एचएएलमध्ये नोकरी केलेल्या जी. राज नारायण या अभियंत्यानं काढलेल्या राडेल कंपनीचा. मिरजेनं बंगळूरला मुलं पाठवायची आणि बंगळूरनं मिरजेला डबीतला तंबोरा पाठवायचा, असा हा व्यवहार आहे. कोण फसलं यावर दोन्ही गावांत मतभेद आहेत.

आईनं गिटार हातात घेतली, उलटीपालटी केली, पाठीवर टकटक केलं.

‘भोपळा कुठाय ह्याला?’

‘नसतो आई. भरीव असते ही.’

‘मग नाद कुठं घुमतो?’

मी लोहचुंबक, त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, पोलादी तार हलली की उठणारा वीजप्रवाह, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. ‘म्हणजे भोपळा वाजवणाऱ्याकडं,’ ती म्हणाली. शाळेतली माझी गणिताची प्रगतिपुस्तकं तिनं अजून जपून ठेवली आहेत.

मग तिचा अंगठा पडद्यांच्या पट्टीवरून फिरला आणि थांबला. ‘शिसवी आहे रे. माझ्या माहेरच्या पाटाची.’

बरोबर होतं. कानडीत त्याला ‘बीटे’ म्हणतात. सह्याद्रीतल्या या झाडाला गिटारवाल्यांच्या जगात जो मान आहे, तो आपण पाटावर बसून कधी ओळखला नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत गिब्सनच्या कारखान्यांवर केंद्रीय यंत्रणेचे हत्यारबंद अधिकारी चालून गेले. गांजा नव्हे, भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्या जप्त करायला. लेसी कायदा असं सांगतो की ज्या देशातून लाकूड आलं, त्या देशाचा कायदा मोडलेला असेल तर अमेरिकेतही तो गुन्हा. म्हणजे भारताच्या निर्यात नियमांतल्या पट्टीच्या जाडीवरून नॅशव्हिलमध्ये बंदुका निघाल्या. आपल्या नियमांना एवढा मान आपल्या कुठल्या तपासणी नाक्यावर मिळाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. २०१२ मध्ये तीन लाख डॉलर दंडावर तडजोड झाली, तीही मुख्यतः मादागास्करच्या लाकडावरून. भारतीय लाकडाबद्दल असं ठरलं की भारत सरकार आपल्याच कायद्याचा अर्थ स्पष्ट करीपर्यंत कारवाई नको. अर्थ स्पष्ट करायचं काम आपल्या सरकारवर सोपवणं म्हणजे गिब्सनला जन्मभराचं अभय. पुढे २०१७ पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय परवान्याखाली आल्या आणि विमानतळांवर वादकांची गाळण उडाली, मग २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘पाट मात्र मावशीनं नेला. त्याला कुणी बंदूक घेऊन गेलं नाही.’

रात्री जेवणं झाल्यावर तिनं फर्मान काढलं, ‘लाव. काळी चार.’

गिटारीच्या तारा पांढरी तीनपासून सुरू होतात आणि त्यांना काळी चारशी देणंघेणं नसतं, असं मी म्हणणार होतो. पण खुंट्या पिळायला घेतल्या आणि लक्षात आलं की सहापैकी पाच तारा अर्धा-अर्धा स्वर इकडेतिकडे केल्या की सगळ्या काळी चारच्या षड्ज-पंचमात चपखल बसतात. दोन खालच्या उतरवायच्या, पुढच्या दोन चढवायच्या, शेवटची उतरवायची. उरलेल्या एकीला हात लावायचा नाही. अठरा वर्षं व्हिडिओ पाहिले, एकाही दाढीवाल्यानं हे सांगितलं नव्हतं. हेडफोन आईच्या अंबाड्यात बसेनात, म्हणून ॲम्प्लिफायर लावला, आवाज अगदी बारीक ठेवला, आणि तारा छेडत राहिलो.

आईनं डोळे मिटले, आणि लगेच उघडले. ‘मागं कोण गुणगुणतंय? षड्जाला कमी आहे.’

मी थक्क झालो. तो ॲम्प्लिफायरचा हुंकार होता. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि त्याचा स्वर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळतो.

‘सरकारी वीज आहे आई.’

‘मग बरोबर. उतरलेलीच असायची.’

आणि तिनं खर्जातून सूर लावला. वय पंचाहत्तर, आवाजाला आता जरा धूळ लागलेली, पण श्वास शाबूत. मी एकच काम करत होतो, पाच तारा एकामागोमाग छेडायचं. त्यात चुकायला वावच नव्हता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा मी गिटार बिनचूक वाजवत होतो. मुलगी अभ्यास सोडून येऊन बसली. बायको ‘टीव्ही’ म्हणाली नाही. आईनं मध्यसप्तक सोडलं आणि ती तारषड्जाला जाऊन भिडली, तेव्हा बाल्कनीचं दार उघडं आहे याचं कुणालाच भान नव्हतं.

दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिली तक्रार पडली. सातव्या मजल्यावरून मोठ्या आवाजात गाणं, नियम अकरा-ब, कृपया दखल घ्यावी. पाठोपाठ चार अंगठे, एक हात जोडलेला. मी माफीचा मजकूर टंकू लागलो, ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’नं सुरुवात करून. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यात खाजगी निरोप चमकला. सहाव्या मजल्यावरचे गृहस्थ.

‘टोन भयंकर सुंदर आहे. पेडल कुठलं?’